आवाज कमी केलेले दिवस

कंडक्टर आजोबांनी यंत्राची डबी काउंटरवर ठेवली. आपटली नाही, ठेवलीच. अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची डबी, तीही म्हाताऱ्या हाताने, जपून. पण तो ‘टक्’ काउंटरमागे बसलेल्या तिच्या डाव्या कानातून शिरला तो थेट पाठीच्या मणक्यात उतरला. हातातला बारका पेचकस निसटून फरशीवर पडला, आणि त्या दुसऱ्या आवाजासरशी तिने चक्क दोन्ही कानांवर हात ठेवले. कानाची यंत्रं विकणाऱ्या दुकानात, भर सकाळी, गिऱ्हाइकासमोर. मग तिने हात खाली घेतले, पेचकस उचलला, केस सारखे केल्यासारखं केलं आणि हसून म्हणाली, “काय म्हणता आजोबा?”

“हे परत घ्या ताई,” आजोबा म्हणाले. त्यांनी चौतीस वर्षं बसमध्ये थांब्यांची नावं ओरडून सांगितली होती, म्हणून दुकानात सगळे त्यांना कंडक्टर आजोबाच म्हणत. पण आज ते हळू बोलले. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसला की माणूस एक तर ओरडतो नाही तर असा विझत जातो. “पैसे नकोत. कुणा गरजूला द्या.”

“अहो, तिला नीट सांगा ना काय होतंय ते,” शेजारी उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या.

“काय?”

“बघितलंस? तीन आठवडे हेच चाललंय. पहिले चार दिवस यंत्र घालून माझ्या तोंडाकडे बघत बसले. मग म्हणाले, यंत्र चांगलं आहे, माझे कानच संपलेत. तेव्हापासून खिडकीत बसून असतात. अगं, हे माणूस गप्प बसावं म्हणून मी नवस बोलले असते एके काळी. आता चहा हवा असला तर रिकामा कप उचलून दाखवतात.”

ती म्हणाली, “बसा दोघं. मी आत तपासून आणते.”

आतली खोली तिची. चारही भिंतींना जाड सतरंजीचं कापड ठोकलेलं, टेबलावर मान वळवता येणारा दिवा, चिमटे, बॅटऱ्यांचे खण, कानात घालायच्या साच्यांच्या गुलाबी गोळ्या. एकवीस वर्षं ती या खोलीत बसत आली होती. तिने यंत्रात नवी बॅटरी घातली, ऐकायची नळी जोडली, नळीचं टोक आपल्या कानात बसवलं आणि नेहमीसारखं यंत्रात म्हणाली, “एक, दोन, तीन.” ‘तीन’पर्यंत पोचायच्या आतच तिने नळी उपसून काढली. कुणीतरी डोक्याच्या आत पत्रा बडवावा तसं झालं होतं. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं. उलट जरा चढंच. आजोबांचं म्हणणं खरं असणार, कान संपले. होतं तसं, या वयात एकेका वर्षात उतरतात. तिने त्यांचं कार्ड पुढे ओढलं, लिहायला पेन टेकवलं, आणि हात तिथेच राहिला. खिडकीत बसून असतात, असं आजी म्हणाल्या होत्या. ‘बसून’ हा शब्द कागदावर आधीच येऊन बसल्यासारखा झाला.

कारण ती स्वतःही बसत होती. सकाळी नवरा कामावर गेला की दुकान उघडायला पाऊण तास असे. तो पाऊण तास ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, एका हातात चपलेचा एक जोड घेऊन बसून राही. रडू येत नसे. रडू आलं असतं तर बरं होतं, त्याला निदान पाणी असतं. हे कोरडं होतं. चप्पल पायात घालायची, दार ओढायचं, जिना उतरायचा, एवढी तीन कामं डोळ्यांसमोर तीन डोंगरांसारखी उभी राहत, आणि त्यांच्या पलीकडेही काही दिसत नसे ज्यासाठी ते चढावेत. देवापुढे हात जोडले तरी काय मागायचं ते सुचत नसे. ती नुसती म्हणे, देवा, आज दुकानापर्यंत ने. बाकी काही नको. आणि तो नेई, हे तिला मान्य करायला हवं होतं. रोज नेई. पण नेण्यापलीकडे काही बोलत नसे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी वडिलांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. बाबा वाचले, आवाज गेला. नंतरचे दहा महिने ते पाटीवर लिहून बोलले आणि एका दुपारी पाटी उशाशी ठेवून गेले. त्यानंतर तिला घराच्या जिन्यावर धडधडायला लागलं. चौथ्या पायरीवर छाती अशी उडायची की कठडा धरून खाली बसावं लागे. म्हातारे डॉक्टर होते, भले गृहस्थ. त्यांनी छोटी पांढरी गोळी दिली आणि म्हणाले, “पंधरा दिवस घे, मन जरा स्थिर होऊ दे.” मन स्थिर झालं. इतकं की पंधरा दिवसांची अकरा वर्षं कधी झाली ते तिलाही कळलं नाही आणि त्यांनाही. या भिंतींना जसं कापड ठोकलं होतं तसं कुणीतरी आत ठोकून दिलं होतं. त्या काळात घर बदललं, सासूबाई गेल्या, नवऱ्याची एक नोकरी सुटून दुसरी लागली. सगळं शेजारच्या घरात लागलेल्या रेडिओसारखं, ऐकू येतंय पण आपल्यासाठी नाही. वाईट होतं असंही म्हणता येणार नाही. जिना चढता येत होता. मग ते डॉक्टर थकले, त्यांच्या जागी एक बाई आल्या, त्यांनी कागद वर-खाली बघितले, चष्मा काढला आणि विचारलं, “अकरा वर्षं? तुम्हाला कुणी सोडा म्हटलं नाही?”

“कुणी म्हटलं नाही, म्हणून मीही म्हटलं नाही,” ती म्हणाली होती.

डॉक्टरीणबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. एकदम सोडायची नाही, म्हणाल्या. दर दोन आठवड्यांनी कणभर कमी. ब्लेडने गोळीचे तुकडे करायचे. ते तिला सोपं होतं, राईएवढे स्क्रू फिरवण्यात तिचा जन्म गेला होता. “आणि त्रास होईल,” त्या म्हणाल्या होत्या. “इतकी वर्षं जे झाकलं होतं ते उघडं पडेल. फार झालं तर आहात त्याच मापावर थांबा, खाली उतरू नका. पण मला विचारल्याशिवाय वर चढू नका.” याला नऊ महिने झाले. आता पाव गोळी उरली होती, आणि या शेवटच्या पावाने पाऊण गोळीचा सगळा सूड उगवला होता.

आवाज आले ते आधी पाहुण्यासारखे आले. नळाचा थेंब. नवऱ्याचं घास चावणं. मग घरच बळकावून बसले. कागद फाटला की दात शिवशिवायचे. चमचा बशीला लागला की डोळ्यांत पाणी. नवरा बिचारा शहाणा. त्याने एका रविवारी बसून सगळ्या खुर्च्यांच्या पायांना जुन्या स्वेटरचे तुकडे चिकटवले, दारांच्या कडांना फोम लावला, आणि स्वतः मोजे घालून वावरू लागला. “आपल्याच घरात चोरासारखा चालतोय,” तो कुजबुजला होता, “आणि चोरायला काही नाही.” ती हसली होती. हसण्याचाही आवाज झाला होता आणि तोही लागला होता.

पण एक सकाळ वेगळी गेली. तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वीची. ती तशीच चप्पल घेऊन स्टुलावर बसली होती आणि खाली अंगणात कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. दोन मजले खाली. फुस्स, फुस्स, फुस्स. तिला आधी वाटलं, आता कान फाटणार. आणि मग तो आवाज सायकलचा राहिलाच नाही. तो पेटीच्या भात्याचा झाला. बाबा दिवसा टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायचे आणि रविवारी संध्याकाळी प्रार्थनेच्या सभागृहात उभं राहून गाऊन निरूपण करायचे. आणि पेटीचा भाता, ती सात वर्षांची झाल्यापासून, तिच्याकडे होता. सूर वाजवायला एक मास्तर होते, पण त्यांचा डावा हात अधू होता, म्हणून मागे बसून भाता तिने हलवायचा. तिला सगळं दिसलं. लाकडी बाकांच्या रांगा, पुढच्या बाकावर बसून हमखास झोपणारा शिंपी, कोट काढून घडी घालणारे बाबा. मग ऐकू आलं. आधी त्यांचं खाकरणं. मग बोलणं, साधं, दारात उभं राहून शेजाऱ्याशी बोलावं तसं: “काय मंडळी, आठवडाभर देवाची आठवण झाली की फक्त त्याच्याकडचं काम आठवलं?” लोक हसायचे. गोष्ट सुरू व्हायची, एखाद्या हमालाची, एखाद्या आंधळ्या विणकरिणीची, आणि गोष्ट अशा जागी यायची की पुढे बोलणं पुरे पडणार नाही. तिथे बाबा थांबायचे. अख्खं सभागृह थांबायचं. त्या थांबण्यात फक्त तिचा भाता ऐकू यायचा, फुस्स, फुस्स, आणि भीतीने तिचा हात सैल पडला की बाबा मान न वळवता हळूच म्हणायचे, “भाता चालू ठेव बाळ, सुराचं मी बघतो.” आणि मग ते गायचे.

गोळीच्या वर्षांत बाबा तिला आठवत नव्हते असं नाही. आठवायचे, पण फोटोसारखे. उघडलेलं तोंड, वर गेलेला हात, आणि आवाज नाही. ती स्वतःला सांगायची, शेवटी आवाज गेलाच होता ना, म्हणून असेल. त्या सकाळी इतक्या वर्षांनी आवाज परत आला, खालच्या अंगणातून, दुसऱ्याच्या सायकलीतून, आणि ती स्टुलावरून उतरून थंड फरशीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. दुकानाला चाळीस मिनिटं उशीर झाला. ते दुःख होतं की आनंद, हे तिने कुणाला विचारलं नाही. नवऱ्याला एवढंच सांगितलं, “आज बाबा ऐकू आले.” त्याने घाबरून तिच्याकडे पाहिलं. तेव्हा ती म्हणाली, “अरे वेडी नाही झाले. आठवले, आवाजासकट.”

समोर आजोबांचं कार्ड तसंच पडलं होतं. पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका पसरत होता. आणि त्या ठिपक्याकडे बघताना एक साधा विचार तिच्या मनात आला, इतका साधा की इतके दिवस तो कुठे होता याचंच नवल वाटावं. दोन मजले खालचा पंप मला भात्याएवढा जवळ ऐकू आला. मग हे ‘एक, दोन, तीन’ मोठं ऐकू आलं ते कुणाच्या कानाला?

टेबलाच्या कोपऱ्यात, झाकणाखाली, मोजपेटी होती. यंत्र तिच्यात ठेवायचं, झाकण लावायचं, आत ठरावीक आवाज सुटतो आणि यंत्र तो किती वाढवतं ते काटा सांगतो. दहा मिनिटांचं काम. पण ती पेटी वर्षातून एकदा, तपासणीच्या वेळीच उघडायची. कारण मालक नव्या गिऱ्हाइकाला तिच्याकडे बोट दाखवून सांगायचे, “हिचा कान म्हणजे मीटर. मीटर बिघडेल, ही नाही बिघडणार.” प्रत्येक यंत्राच्या पोटात सुईच्या टोकाएवढा एक स्क्रू असतो, गिऱ्हाइकाच्या कार्डावर बघायचं, नळी कानात घालायची, ऐकत ऐकत तो स्क्रू जागेवर आणायचा. एकवीस वर्षं तिने असंच केलं होतं आणि कधी कुणाची तक्रार आली नव्हती. तिने पेटीवरचं झाकण काढलं. धूळ बसली होती. यंत्र आत ठेवलं. काटा हलला, थोडा चढला, आणि जिथे थांबला ती जागा बघून तिने पेटी बंद करून पुन्हा लावली. काटा पुन्हा तिथेच. कार्डावर जे हवं होतं त्याच्या निम्म्यालाही तो पोचला नव्हता. तिने फळीवरचं दुसरं यंत्र घेतलं, काल संध्याकाळी स्वतः जुळवून ठेवलेलं, दुपारी कुणीतरी न्यायला येणार होतं. तेही तसंच. तिला मोठं वाटलं म्हणून तिने कमी केलं होतं. सगळ्यांचं कमी केलं होतं. हसतमुखाने, काळजीपूर्वक, आपल्या दुखऱ्या कानाला सोसेल इतकंच जग तिने एकेकाच्या कानात भरून दिलं होतं.

वहीत पाहिलं. सायकलीच्या सकाळच्या जरा आधीपासून धरलं तर वीस यंत्रं. आजोबांचं धरून. चित्रकलेचे निवृत्त मास्तर, एकटे राहतात. जुळ्या मुलींची आई. पावाच्या भट्टीवरची बाई, जिला भट्टीचा भोंगा ऐकू यायला हवा. यातले चार-पाच परत येतील, भांडतील. बाकीचे? बाकीचे खिडकीत बसतील. यंत्र चांगलं आहे, माझंच संपलंय, असं म्हणतील आणि कप उचलून दाखवतील.

पर्स खुर्चीला अडकवलेली होती. तिच्या आतल्या कप्प्यात गोळ्यांची अख्खी पट्टी होती. एक पुरे. अर्धीही पुरे. दुपारपर्यंत भिंतींवरचं कापड पुन्हा आत येईल, कान पूर्वीसारखे होतील, ती पुन्हा मीटर होईल. आजोबांना म्हणायचं, बॅटरी खराब निघाली. या धंद्यात हे रोज म्हटलं जातं आणि कुणी शंका घेत नाही. बाकीच्यांना एकेक करून बोलवायचं, काहीतरी निमित्त काढून. तिने पट्टी बाहेर काढली, अंगठा गोळीवर ठेवला. दाबलं की चांदीचा कागद फाटेल. त्या फाटण्याचा आवाज तिला आधीच ऐकू यायला लागला, आणि त्याच वेळी दाराच्या पलीकडून आजींचा आवाज आला. “पाणी हवंय का?” उत्तर नाही. “अहो, पाणी हवंय का?” उत्तर नाही. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. ती वाट बघत राहिली, आजी तिसऱ्यांदा विचारतील म्हणून. त्या विचारणार नाहीत हे कळलं तेव्हा तिने पट्टी पर्समध्ये टाकली, यंत्र आणि पेचकस उचलला आणि बाहेर आली.

तिने नळी आणली नव्हती. आजोबांच्या समोर स्टूल ओढून बसली, त्यांच्या कानात यंत्र बसवलं आणि बोट वर करून खुणेने सांगितलं, ऐकू आलं की बोट वर करा. मग ती स्क्रू पाव फेरा फिरवायची आणि साध्या आवाजात एकेक शब्द म्हणायची. झाड. दिवा. पायरी. आजोबा काचेच्या पलीकडच्या रस्त्याकडे बघत होते, नाइलाजाने आलेल्या मुलासारखे. आणखी पाव फेरा. आणखी. आजी बाजूला उभ्या राहून ओठातल्या ओठात पुटपुटल्या, “देवा, एवढं होऊ दे.”

“देवाला कशाला मधे ओढतेस,” आजोबा म्हणाले, “ताई करतायत ना.”

आजींनी तोंडावर हात ठेवला. आजोबा हळूहळू वळले. मग कानांना वेड लागल्यासारखे इकडेतिकडे बघायला लागले. पंख्याकडे, दाराकडे, आजींच्या बांगड्यांकडे.

“आजोबा,” ती म्हणाली, आणि आता थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं म्हणून थांबली नाही. “तुमचे कान संपलेले नाहीत. ते होते तिथेच आहेत. मी एक औषध सोडतेय, त्यामुळे मला सगळं फार मोठं ऐकू येतं. मला मोठं वाटलं म्हणून मी तुमचं यंत्र कमी केलं. चूक माझी.”

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. “म्हणजे तुम्हाला जास्त आणि मला कमी,” ते म्हणाले. “मग तुम्हीच इकडे बसायचं, थोडं वाटून घेतलं असतं.”

पण आजी हसल्या नाहीत. “तीन आठवडे माझा माणूस तुम्ही खिडकीत बसवलात,” त्या म्हणाल्या.

“हो,” ती म्हणाली.

काचेच्या केबिनमधून मालक उठून आले होते. त्यांनी किती ऐकलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आजी-आजोबांना दारापर्यंत पोचवून ते परतले, खुर्चीवर बसले, पुन्हा उठले. “मला सांगायचंस ना,” ते म्हणाले. “रजा दिली असती. आता घरी जा, आठ दिवस पड. मी सांगतो सगळ्यांना, या महिन्यात मोफत तपासणी आहे म्हणून. चूक-बीक कशाला काढायची बाहेर?”

“मोफत तपासणीला ते येणार नाहीत,” ती म्हणाली. “त्यांना वाटतंय कान गेले. गेलेले कान फुकट दाखवायला कोण येतं?”

मालकांनी मान खाजवली. “आणि उद्यापासून?”

“उद्यापासून प्रत्येक यंत्र मोजपेटीत. माझा कान नको.” एकवीस वर्षांत हा कान, एवढी एकच गोष्ट तिच्या नावावर होती. “पुढे बरा झाला तर बघू. नाही झाला तरी काटा वाचता येतो मला.”

वही घेऊन ती फोनपाशी बसली. आणि आकडे फिरवल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण बहिऱ्या माणसांना फोन करतोय, त्यातही ज्यांची यंत्रं आपणच मंद केलीत अशांना. हळू बोलून भागणार नव्हतं. पलीकडे घंटी वाजत राहिली, एकेक घंटी टाळूत खिळा ठोकावा तशी. तिने रिसीव्हर कानापासून वीतभर दूर धरला. बऱ्याच वेळाने उचलला गेला.

“कोण?” चित्रकलेच्या मास्तरांचा आवाज. लांबचा, सवय मोडलेला.

“मी यंत्रांच्या दुकानातून बोलतेय.”

“कोण? ऐकू येत नाही. मला आता ऐकू येत नाही हो. ठेवतो.”

“ठेवू नका,” ती ओरडली. डोक्यात ठिणग्या उडाल्या. काउंटरवर हिशेब करणारी पोरगी वळून बघायला लागली, मालक बघायला लागले, रस्त्यावरून जाणारा एक माणूस काचेशी थबकला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते येऊ दिलं. नऊ महिन्यांत तिने कधी आवाज चढवला नव्हता. “मास्तर, तुमचे कान चांगले आहेत. मी यंत्र चुकीचं लावून दिलं. चूक माझी आहे, तुमच्या कानांची नाही. उद्या या. ऐकू आलं का?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणीतरी खाली बसल्याचा.

“आलं,” मास्तर म्हणाले. “पण परत एकदा सांगता का?”

तिने डोळे पुसले, रिसीव्हर तोंडाशी जवळ घेतला आणि सगळं परत सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने.